संगमेश्वरचा नमुना, जगाची तयारी

जून २०२१. महाराष्ट्रात कोरोनाच्या डेल्टा प्लस या प्रकाराचे २१ रुग्ण आढळल्याचं जाहीर झालं आणि त्यातले ९ एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले निघाले. संगमेश्वर तालुक्याचं नाव देशभर गेलं. भीती पसरली, पण मला त्यात आपल्या यंत्रणेची जमेची बाजू दिसते.

नाकातला स्वॅब द्रवाच्या कुपीत जातो, कुपी बर्फाच्या डब्यात. आरटीपीसीआर पॉझिटिव्ह आली आणि विषाणू भरपूर असला, तर त्याची जनुकीय रचना अक्षर-अक्षर वाचता येते. या वाचनात डेल्टाच्या काटेरी प्रथिनात ‘के४१७एन’ हा बदल दिसला; हाच डेल्टा प्लस. हा बदल काळजीचा का, हे लगेच कळलं. कारण दक्षिण आफ्रिकेतल्या बीटा प्रकारात तोच बदल होता आणि तिथल्या शास्त्रज्ञांनी माहिती जगासाठी खुली केली होती. २२ जूनला केंद्राने राज्यांना सावध केलं, त्यात रत्नागिरी आणि जळगावची नावं होती.

अशा देवाणघेवाणीला कायद्याचा आधार आहे. २००७ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार, जगाला धोका ठरू शकेल अशी घटना ओळखल्यावर देशाने २४ तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवायचं असतं.

पण जिनिव्हातल्या या संघटनेला कळण्याआधी ते गावात कळावं लागतं. वाडीत एकाच आठवड्यात तापाचे बरेच रुग्ण दिसले, तर आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी सांगा.