शेजाऱ्याचा हक्क आणि गोवरची लस

2022 च्या हिवाळ्याच्या तोंडावर मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांमध्ये गोवरची साथ आली आणि काही चिमुकल्यांचे जीव गेले. भिवंडी आणि मालेगावातही रुग्ण सापडले. या तिन्ही ठिकाणी आपल्या समाजाची वस्ती मोठी आहे, म्हणून हा प्रश्न आपल्या घरचाच आहे. कोरोनाच्या काळात अनेक मुलांचे डोस राहून गेले होते. त्यात एकेका खोलीत सात-आठ माणसे राहत असतील, तर गोवरला मोकळे रानच मिळते.

गोवर म्हणजे खसरा. ‘तो सगळ्यांनाच येतो आणि आपोआप जातो,’ असे मोठी माणसे म्हणतात. पण त्यातून न्यूमोनिया होतो, मेंदूला सूज येते, कधी दृष्टी जाते. शिवाय पूर्वीच्या आजारांशी लढून शरीराने कमावलेली प्रतिकारशक्तीही गोवर बरीचशी पुसून टाकतो. त्यामुळे बरे झालेले मूल पुढेही वारंवार आजारी पडू शकते.

रुग्ण खोलीतून निघून गेला तरी हा विषाणू तिथल्या हवेत सुमारे दोन तास टिकतो. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनच मूल इतरांना आजार देत असते. लस न घेतलेल्या वस्तीत एक रुग्ण 12 ते 18 जणांना बाधित करतो. त्या 18 पैकी 17 जण सुरक्षित असतील, तर आजार एकालाच होईल आणि साथ फोफावणार नाही. 18 पैकी 17 म्हणजे साधारण 95 टक्के. डॉक्टर 95 टक्क्यांचा आग्रह धरतात तो यासाठी. यालाच सामूहिक प्रतिकारशक्ती म्हणतात.

नवव्या महिन्यातला पहिला डोस शंभरातल्या सुमारे 85 मुलांना संरक्षण देतो. म्हणजे 40 मुलांच्या वर्गात सर्वांनी एकच डोस घेतला असेल, तर सहा मुले तरीही उघडी राहतात. ही उणीव 16 ते 24 महिन्यांदरम्यानचा दुसरा डोस भरून काढतो. आपल्याकडे नेमका तोच चुकतो. कधी लग्नासाठी गावी जाणे होते, कधी ‘मागच्या वेळी ताप आला होता’ ही भीती असते. लसीनंतर आठवडाभराने थोडा ताप किंवा बारीक पुरळ येऊ शकते, ते एक-दोन दिवसांत ओसरते.

तरीही काहीजण लस घेऊ शकत नाहीत. सहा महिन्यांहून लहान तान्हे बाळ, कॅन्सरवर उपचार घेणारे मूल, गरोदर स्त्री यांना ही लस देत नाहीत. त्यांची ढाल म्हणजे आजूबाजूची लस घेतलेली मुले. शेजाऱ्याच्या हक्कावर आपल्या दीनने किती भर दिला आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. आपल्या मुलाचा डोस हा शेजारच्या बाळाचा हक्क आहे. साथीच्या गावात जाऊ नका आणि साथीच्या गावातून बाहेर पडू नका, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपल्यामुळे दुसऱ्याला इजा न होण्याचीच आहे.

लसीत हराम घटक आहे का, हा प्रश्न अनेक मातांच्या मनात असतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या गोवर-रुबेला लसीबद्दल इंडोनेशियाच्या उलेमा कौन्सिलने ऑगस्ट 2018 मध्ये फतवा दिला. तिच्या निर्मितीत डुकरापासून मिळालेला घटक वापरला जातो, हे कौन्सिलने लपवले नाही. पण हलाल पर्याय उपलब्ध नाही आणि लस न दिल्यास मुलांच्या जिवाला धोका आहे, म्हणून ती घेणे जायज ठरवले. शंका असेल तर आपल्या आलिमांना जरूर विचारा, पण विचारण्यात महिने घालवू नका.

हजला जाताना मेंदूज्वराची लस घेतल्याशिवाय व्हिसा मिळत नाही. तिथे लाखो लोक एकत्र येतात, म्हणून आपण ती बिनतक्रार घेतो. आपला मोहल्लाही दाटीवाटीचाच आहे. आज घरातले लसीकरण कार्ड काढून पाहा. डोस चुकला असेल तर पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला तो सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतो. उंट आधी बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, हेच आपल्याला शिकवले आहे.