डंकेलचे दिवस

2025 च्या जानेवारीत जागतिक व्यापार संघटनेला तीस वर्षं झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारताच्या बऱ्याचशा मालावरचं आयातशुल्क 50 टक्क्यांवर नेलं. त्यातलं निम्मं रशियाचं तेल घेतल्याची शिक्षा म्हणून. दाद मागावी तर कुठे? संघटनेचं अपिलाचं मंडळ डिसेंबर 2019 पासून ठप्प आहे, आणि नेमणुका अडवून ते ठप्प केलं अमेरिकेनंच.

या संघटनेच्या आधी गॅट हा व्यापार करार होता. 1947 च्या त्या कराराच्या 23 संस्थापक देशांत भारत होता. पुढची चाळीसेक वर्षं जिनिव्हातल्या शुल्काच्या याद्यांत गेली. त्यांत रस कारकुनांनाच. खरी धमाल नव्वदच्या दशकात आली.

डिसेंबर 1991 मध्ये गॅटच्या आर्थर डंकेल या स्विस अधिकाऱ्यानं नव्या व्यापार कराराचा मसुदा पुढे ठेवला आणि आमच्याकडे तालुक्याच्या सभांतून 'डंकेल' हा राक्षस झाला. घरचं बियाणं पेरलं तर कंपनी तुरुंगात टाकेल, असं वक्ते छातीठोकपणे सांगत. डाव्यांचं आणि स्वदेशीवाल्यांचं एवढ्या एका बाबतीत मेतकूट जमलं होतं. बंगळुरूत कारगिल कंपनीच्या कार्यालयात शेतकरी घुसले. उलट्या बाजूला शेतकरी संघटनेचे शरद जोशी जवळजवळ एकटे. आपल्या शेतकऱ्याला अनुदान नव्हे, उणे अनुदान मिळतं आणि भाव पाडणारं सरकार घरचंच आहे, हा त्यांचा हिशेब. त्याबद्दल त्यांना काय काय ऐकून घ्यावं लागलं! एप्रिल 1994 मध्ये माराकेशला तो करार झाला, आणि त्यातून व्यापार संघटना आली. 2001 च्या आपल्या कायद्यानं बियाणं राखून ठेवण्याचा, पुन्हा पेरण्याचा हक्क शेतकऱ्याकडेच ठेवला. तुरुंगाची भाषा करणारे तोवर दुसऱ्या विषयाकडे वळले होते.

त्या दशकातली माझी आवडती लढाई हळदीची. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट 1995 मध्ये अमेरिकेत दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या सीएसआयआरनं घोषणा दिल्या नाहीत. जुने संस्कृत संदर्भ आणि 1953 चा एक वैद्यकीय लेख काढून अमेरिकेच्याच पेटंट कार्यालयापुढे ठेवले. 1997 मध्ये पेटंट रद्द. आयातीवरच्या संख्यात्मक निर्बंधांचा खटला मात्र 1999 मध्ये व्यापार संघटनेत आपण हरलो, आणि 1 एप्रिल 2001 ला शेवटचे निर्बंध उठवले. मग फळांच्या गाड्यांवर स्टिकर लावलेली वॉशिंग्टनची सफरचंदं आली. निकाल झोंबला, पण सगळ्यांना एकच नियम होता. अमेरिकाही तिथे खटले हरायची, हे आज सांगूनही कुणाला पटत नाही.

जोशींची आशा मात्र फळली नाही. दारं उघडली की भाव मिळेल, असं ते म्हणत. इथे बाहेर जाणारं दार दिल्लीच लावून घेते. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली ती थेट मे 2024 पर्यंत, म्हणजे लोकसभेचं मतदान सुरू झालं तरी उठली नव्हती. लासलगावच्या लिलावात त्याचा परिणाम सांगायला अर्थतज्ज्ञ लागला नाही. ट्रम्पच्या शुल्कानं कापडउद्योग घाबरला, तर 19 ऑगस्ट 2025 पासून कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क काढलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वर्षअखेरपर्यंत. म्हणजे विदर्भातली वेचणी बरोबर त्यात सापडली. राष्ट्रहित म्हणतात ते हेच. त्याचं बिल दर वेळी यवतमाळला कसं येतं, एवढंच विचारायचं आहे. कापूसवाल्यानं जिनिव्हात जावं म्हटलं, तर तिथे फक्त सरकारंच दाद मागू शकतात, आणि हे शुल्क तर आपल्याच सरकारनं काढलं होतं.