गोदाखोऱ्यातील अकीक आणि नाईलकाठचे अलंकार

घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरी ज्या गोदावरीच्या खोऱ्यात वसले आहे, त्याचा पाया बेसाल्टचा, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या पाषाणाचा असून, लाव्हा थिजताना त्यात राहिलेल्या वायूच्या पोकळ्यांमध्ये सिलिकायुक्त पाणी झिरपत राहिल्याने तेथे अकीक तयार झाला. समांतर पट्टे असलेल्या अकीकाला सुलेमानी, तर लोहाच्या अंशामुळे तांबूस दिसणाऱ्या अकीकाला कार्नेलियन म्हणतात, आणि हा दगड मंद आचेवर तापवला की त्याची लाली गडद होते. जालना जिल्ह्यातील भोकरदन, म्हणजेच प्राचीन भोगवर्धन, येथे 1973 मध्ये झालेल्या उत्खननात सातवाहनकालीन वस्तीबरोबर अशा दगडांचे मणीही सापडले.

प्राचीन इजिप्तमध्ये अलंकार शृंगारापुरता नसून संरक्षक मंत्रासारखा होता. सोने हे देवांचे मांस मानले जाई आणि इसिस देवीच्या गाठीच्या आकाराचा लाल दगडाचा ताईत मृताच्या देहावर ठेवला जाई. पेरोजा सिनाईतून, निळा लाजवर्द दूरच्या बदख्शानमधून येई. जिथे असे रत्न परवडत नसे तिथे फेयन्स वापरत, म्हणजे गारगोटीच्या चुऱ्यात क्षार, चुना आणि तांब्याचे संयुग मिसळून भाजलेला, निळ्या-हिरव्या झिलईचा पदार्थ. लाल कार्नेलियन मात्र इजिप्तच्याच पूर्वेकडील वाळवंटात मिळे, म्हणून फारोंच्या गळ्यात मराठवाड्याचे मणी होते, हा समज कितीही सुखावणारा असला तरी त्याला आधार नाही.

खरा धागा जुळला तो नंतर, इ.स.पूर्व 30 मध्ये इजिप्त रोमच्या ताब्यात गेल्यावर. पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत पैठणचा सुलेमानी दगड गाड्यांमधून, खडतर वाटांनी, भरूच बंदराकडे मोठ्या प्रमाणात नेला जात असल्याची स्पष्ट नोंद आहे, आणि पैठण ते भरूच हे अंतर तो वीस दिवसांचे सांगतो. मराठवाड्याच्या आर्थिक इतिहासात इतका थेट परकीय पुरावा क्वचितच लाभतो, त्यामुळे त्याचे मोल मोठे आहे. जुलैच्या सुमारास इजिप्तहून निघालेली गलबते नैऋत्य मोसमी वाऱ्यांवर भारताकडे येत आणि हिवाळ्यात उलट वाऱ्यांवर तांबड्या समुद्राकडे परतत. तेथील बेरेनिके बंदराच्या उत्खननात भारतीय मिरी, सागवान आणि मणी सापडले आहेत. रोमन जगातील कोरीवकाम करणारे कारागीर सुलेमानीच्या पट्ट्यांचाच उपयोग करीत: वरचा पांढरा थर कोरून त्यात चेहरा किंवा देवता घडवीत आणि खालचा गडद थर पार्श्वभूमी म्हणून तसाच राखीत.