चिमणी धूर नेते. हवा कोठून आणते?

डिसेंबरातील पहाट. निफाडचा पारा घसरला की नाशिक शहरालाही हुडहुडी भरते. घरातील ज्येष्ठांना वारा बाधू नये म्हणून आपण स्वयंपाकघराची खिडकी आणि ड्राय बाल्कनीची सरकती काच घट्ट लावून घेतो. शेगडीवर फोडणी तडतडत असते, वर चिमणी पूर्ण वेगाने घरघरत असते आणि त्याच वेळी आजोबांच्या आंघोळीसाठी बाल्कनीतील गॅस गिझर पेटतो. गंगापूर रोड असो वा इंदिरानगर, सदनिकांतील हे नेहमीचेच दृश्य. धोका आहे तो नेमका या तीन गोष्टी एकत्र येण्यात: बंद खिडक्या, चालू चिमणी आणि पेटलेला गिझर.

चिमणी हवा निर्माण करीत नाही. ती केवळ आतली हवा बाहेर फेकते. दहा फूट लांब, आठ फूट रुंद आणि दहा फूट उंच स्वयंपाकघरात जेमतेम 23 घनमीटर हवा मावते. चिमणीच्या खोक्यावर ताशी 1000 घनमीटर असा आकडा असतो. प्रत्यक्षात त्याच्या निम्मेच काम झाले असे धरले, तरी अख्ख्या खोलीची हवा साधारण तीन मिनिटांत बाहेर जाते. तेवढीच हवा आत यावी लागते. खिडकी बंद असेल, तर ती दाराखालच्या फटीतून, न्हाणीघरातून किंवा बाल्कनीतून ओढली जाते आणि येताना गिझरचा ज्वलनवायूही बरोबर आणते. ज्वलनाला पुरेसा प्राणवायू मिळाला नाही, तर त्यात कार्बन मोनॉक्साइड वाढतो. या वायूला रंग नाही, वासही नाही. डोके जड होणे, मळमळ, चक्कर, गुंगी ही त्याची लक्षणे. वृद्धांच्या बाबतीत ती सहज पित्ताच्या किंवा रक्तदाबाच्या खात्यावर जमा होतात. घरातील एकाहून अधिक माणसांना एकाच वेळी त्रास होणे आणि बाहेर मोकळ्यावर गेल्यावर बरे वाटणे, ही खूण ध्यानात ठेवावी. असा संशय येताच सर्वांना प्रथम मोकळ्या हवेत न्यावे आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आपल्या घरची स्थिती जाणून घ्यायला देवघरातील उदबत्ती पुरते. शेगडी व गिझर बंद ठेवून, हिवाळ्यात असतात तशी दारे-खिडक्या लावून, चिमणी पूर्ण वेगाने चालू करावी. मग उदबत्ती बाल्कनीच्या आणि न्हाणीघराच्या दाराच्या फटीशी धरावी. धूर स्वयंपाकघराकडे वळला, तर हवा तेथूनच येत आहे. आता शेगडीपासून दूरची एखादी खिडकी चार बोटे उघडून पुन्हा पाहावे. धूर वळेनासा होईपर्यंत ती उघडी असणे आवश्यक. तरीही गिझर चालू असताना चिमणी बंदच ठेवणे श्रेयस्कर, आणि गिझरची जागा बंदिस्त खोलीत नव्हे, मोकळ्या हवेत असावी.

जुन्या नाशकातील वाड्यांत चुलीवर कौलांमध्ये धुराडे असे. त्यातून धूर आपल्या गतीने वर जाई आणि परसदार उघडे असल्याने हवेची वाण पडत नसे. अर्थात त्या चुलीच्या धुराने कित्येक आज्यांचे डोळे आणि छाती अधू केली, हेही विसरता येत नाही. गॅसवरही प्रश्न पूर्णपणे सुटत नाही. तापलेल्या तेलात तळताना निघणारा धूर कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरणारा आहे, असे वर्गीकरण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2010 मध्ये प्रसिद्ध केले. चिमणी हवीच, ती नीट बसवायला हवी, एवढेच.

शेगडीपासून ती साधारण 65 ते 75 सेंटिमीटर उंचीवर असावी; मात्र आपल्या यंत्राच्या पुस्तिकेतील माप अंतिम मानावे. नळी सहा इंची असेल, तर शेवटपर्यंत सहा इंचीच राहू द्यावी. भिंतीतील जुने भोक चार इंची आहे म्हणून कारागीर तेथे नळी आवळतो. मग आवाज वाढतो आणि धूर घरातच घुटमळतो. नळी धातूची, आखूड आणि ताणून बसवलेली असावी. वळणे दोनपेक्षा अधिक नकोत. पीव्हीसीचा पाइप उष्णतेने मऊ पडतो आणि आगीत पेट घेतो, म्हणून तो टाळावा. तिचे तोंड थेट बाहेर मोकळ्यावर निघावे. फॉल्स सीलिंगच्या पोकळीत किंवा शेजाऱ्यांच्या खिडक्या उघडतात अशा इमारतीच्या बंदिस्त डक्टमध्ये नव्हे. भोक पाडण्यापूर्वी सोसायटीची परवानगी घ्यावी आणि तुळई-खांबाला हात लावू देऊ नये. बाहेरच्या टोकाला झडप हवी, नाहीतर पाऊस आत येतो आणि चिमणीत चिमणी घरटे बांधते! नव्या इमारतींच्या हलक्या ठोकळ्यांच्या भिंतीत साधा खिळा-स्क्रू तग धरत नाही. त्या ठोकळ्यांसाठीचे खास अँकर मागून घ्यावेत. अर्थिंग असलेला तीन पिनांचा सॉकेट ज्वाळेच्या वर नको, बाजूला हवा. नळीविना चालणारी, कोळशाच्या फिल्टरची चिमणी वास कमी करते. कार्बन मोनॉक्साइड, वाफ आणि उष्णता मात्र घरातच ठेवते.

गॅसगळतीचा संशय आला की चिमणी लावून वास घालवण्याचा मोह होतो. कृपया तसे करू नये. बटण दाबताना उडणारी ठिणगी पुरेशी असते. शिवाय सिलिंडरचा वायू हवेहून जड असल्याने तो जमिनीलगत साचतो, वरच्या चिमणीपर्यंत पोहोचत नाही. कोणतेही बटण न चालू करता, न बंद करता रेग्युलेटर बंद करावा, खिडक्या उघडाव्यात, बाहेर पडून 1906 या क्रमांकावर कळवावे. वयोमानाने घ्राणशक्ती मंदावते, म्हणून एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या घरी गॅसगळतीचा इशारा देणारे यंत्र जमिनीपासून जवळ बसवावे (पाइपचा नैसर्गिक वायू हलका, त्याचे यंत्र छतालगत) आणि कार्बन मोनॉक्साइडचे वेगळे घ्यावे.

फिल्टरवर तेल साचले की चिमणीच आगीचे इंधन बनते. आपल्याकडील फोडणी-तळणीचा विचार करता दर दोन-तीन आठवड्यांनी तो गरम पाण्याने धुवावा. हे काम मात्र ज्येष्ठांनी स्टुलावर चढून करू नये. तेलकट ओट्यापाशी तोल गेला, तर खुब्याचे हाड मोडायला क्षणही पुरतो. रविवारी घरी येणाऱ्या नातवंडाच्या कामांत ते आधीच लिहून ठेवावे.