आधी कोणती पाने?

विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १ जून १८९३ रोजी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू केले, तेव्हा या भागात वाचनालयांची वानवा नव्हती. ठाण्याचे नगर वाचन मंदिर १८५० पासूनचे आणि कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचे. भाव्यांच्या संस्थेचे वेगळेपण तिच्या हव्यासात होते. मराठीत छापलेले जे जे मिळेल ते जमवायचे, असा तिचा बाणा होता. पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणाऱ्या माणसाला संतवाङ्मयाचीच ओढ असणे समजण्यासारखे होते, पण संग्रह त्यापुरता राहिला नाही. नाटके, क्रमिक पुस्तके, वैद्यकाच्या चोपड्या, कोणी दुसऱ्यांदा हातात घेणार नाही अशा कादंबऱ्याही कपाटांत आल्या. आज संशोधक ठाण्याला येतो तो बऱ्याचदा या ‘फालतू’ पुस्तकांसाठीच.

संग्रहालयाने आपली दुर्मीळ पुस्तके स्कॅन करून संकेतस्थळावर मोफत वाचायला ठेवली आहेत. एकोणिसाव्या शतकातले पुस्तक उघडायला नागपूरच्या विद्यार्थ्याला आता ठाण्याची गाडी पकडावी लागत नाही. हे काम मोठेच आहे. तरीही अशा बहुतेक प्रकल्पांचा क्रम मला उलटा वाटतो. सर्वांत जुने ते आधी, या रीतीमागे दोन समजुती असतात : जुने पुस्तक लवकर नष्ट होईल आणि त्यावर कोणाचा हक्क उरलेला नाही. दुसरी बव्हंशी खरी आहे, पहिली नेहमीच खरी नसते. चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला जुना कागद वाळवी आणि ओल चुकली तर दीडशे वर्षेही टिकतो. लाकडाच्या लगद्याचा कागद आला आणि त्याच्यातले आम्लच त्याला आतून खाऊ लागले. पिवळी पडलेली, घडीवर तुटणारी पाने बरीचशी विसाव्या शतकातली असतात. वर्तमानपत्राचा आणि हस्तपत्रकाचा कागद त्यातही हलका. दुसऱ्या महायुद्धात कागदटंचाई होती, तेव्हाची पत्रके तर हात लावताच चुरा होण्याच्या अवस्थेत असतात.

आणि नेमक्या याच कागदावर तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या हक्कांच्या लढ्यांचा इतिहास आहे. ७ जानेवारी १९४५ रोजी कल्याण तालुक्यातल्या टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेचे स्थापना अधिवेशन भरले. आज गणपतीसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात वारली प्रतिनिधींनीही हजेरी लावली होती. मे महिन्यात झरीला वारल्यांची परिषद झाली आणि वेठबिगार आणि लग्नाच्या कर्जापायी सावकाराकडे राबवणाऱ्या लग्नगडी पद्धतीविरुद्ध उंबरगाव-डहाणूचा पट्टा उठला. ऑक्टोबरमध्ये तलासरीला पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि त्याचे साथी मारले गेले. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे हा लढा मराठी वाचकाला ठाऊक झाला, पण ते पुस्तक आले १९७० मध्ये. १९४५ ची पत्रके, सभांची निमंत्रणे, खटल्यांचे कागद, वर्गणीच्या पावत्या ग्रंथसंग्रहाच्या व्याख्येत बसत नव्हत्या. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते त्यांनी पुस्तके छापलीच नाहीत, मग ‘सर्व मराठी ग्रंथ’ जमवणाऱ्या संस्थेत त्यांचा शब्द येणार कसा? केवळ आपली कपाटे स्कॅन करणारे डिजिटल ग्रंथालय हे जुने वगळणे नव्या माध्यमात जसेच्या तसे उतरवते. उलट उदाहरण आंबेडकरी पत्रांचे. ‘मूकनायक’ १९२० चे, ‘बहिष्कृत भारत’ १९२७ चे. राज्य सरकारने १९९० मध्ये त्यांचे अंक एकत्र छापले म्हणून महाडच्या सत्याग्रहावर लिहिणाऱ्याला आज मूळ मजकूर सहज मिळतो.

कॉपीराइटचा आक्षेप इथे हटकून येतो. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो, परुळेकर १९९६ मध्ये गेल्या, म्हणजे त्यांचे पुस्तक २०५६ अखेरपर्यंत खुले करता येणार नाही. हे कबूल. पण ज्यावर लेखकाचे नावच नाही अशा पत्रकाला प्रकाशनानंतर साठ वर्षेच संरक्षण मिळते. १९४५ चे निनावी पत्रक २००६ पासून सर्वांचे आहे. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये स्पष्टच सांगितले की, छापील प्रत जवळ असेल तर नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी तिची डिजिटल प्रत साठवता येते. स्कॅन करणे वेगळे आणि संकेतस्थळावर टाकणे वेगळे. कायदा अडवतो ते दुसऱ्या टप्प्यावर, आपण थांबतो मात्र पहिल्याच. खटल्याच्या कागदांत साक्षीदारांची, कर्जदारांची नावे असतात, ती जगापुढे मांडावीत का, या रास्त शंकेलाही हेच उत्तर : प्रत आज काढा, खुली कधी करायची ते त्या माणसांच्या घरच्यांशी बोलून ठरवा.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो खोटा नाही. वाचनालयांना मिळणाऱ्या सरकारी परिरक्षण अनुदानाच्या नावात परिरक्षण असले तरी ते पगार आणि पुस्तकखरेदीतच संपते. मात्र सारे एका छपराखाली आणायलाच हवे असे नाही. अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठाच्या पुढाकाराने २००८ मध्ये सिव्हिल राइट्स डिजिटल लायब्ररी उभी राहिली. तिथे दूरचित्रवाणी केंद्रांच्या जुन्या वृत्तफिती आहेत, पण तिचे खरे बळ अनेक संस्थांकडच्या संग्रहांची एकत्र सूची करण्यात आहे. कागद ज्याचा त्याच्याकडे, पत्ता सर्वांना. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या वाचनालयांना असे करणे कठीण नाही. कठीण आहे ते सूचीचे काम. निनावी पत्रकाला लेखक, प्रकाशक, आवृत्ती अशा रकान्यांत बसवता येत नाही. गाव, पाडा, तारीख, सभेचे कारण आणि उल्लेखलेली माणसे नोंदवावी लागतात. जुन्या छपाईचे अक्षर संगणकाला नीट वाचता येत नाही, त्यामुळे ही नोंद कोणी तरी डोळ्यांनी वाचूनच करायची. सूची नसलेली स्कॅन केलेली फाईल माळ्यावरच्या ट्रंकेहून फारशी उपयोगाची नाही.

म्हणून या तिन्ही शहरांतल्या वाचनालयांच्या कार्यकारिणींना विनंती आहे. पुढच्या प्रकल्पात १८७० च्या पुस्तकाआधी १९४५ चे पत्रक घ्या. आणि वाचकहो, घरात आजोबांच्या युनियनची, किसान सभेची, समता सैनिक दलाची कागदपत्रे असतील तर रद्दीवाल्याला बोलावण्याआधी वाचनालयात एकदा विचारा.