नागपूरच्या तिजोरीत देशाचं सोनं आहे, पण ते तपासतं कोण?

आखाडा बाळापूरच्या सराफाकडे सोनं मोडायला नेलं, तर तो आधी कस लावणार, मग वजन करणार आणि मगच भाव सांगणार. नुसत्या शब्दावर गुंजभरही घेणार नाही. मग देशाकडे शेकडो टन सोनं आहे, हे आपण कुणाच्या शब्दावर मानतो?

रिझर्व्ह बँकेच्या. सप्टेंबर २०२५ अखेर तिच्याकडे ८८०.१८ टन सोनं होतं. त्यातलं ५७५.८२ टन भारतात, म्हणजे मुंबई आणि नागपूरच्या तिजोऱ्यांत. (हो, आपलं संत्र्यांचं नागपूर.) २९०.३७ टन बँक ऑफ इंग्लंड आणि स्वित्झर्लंडच्या बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सकडे, तर उरलेलं १३.९९ टन ठेवींच्या रूपात.

हा हिशेब कॅग तपासत असेल, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम ५० नुसार केंद्र सरकार किमान दोन ऑडिटर नेमतं. कलम ५१ नुसार सरकार कॅगलाही हे काम सांगू शकतं, पण दरवर्षीच्या ताळेबंदावर सह्या असतात त्या सीए फर्मच्या.

खरी मेख प्रत्यक्ष तपासणीत आहे. आंतरराष्ट्रीय मापाची एक वीट साधारण १२.५ किलोची. सगळं सोनं अशाच विटांत आहे असं धरलं, तरी त्या ७० हजारांच्या आसपास भरतात. प्रत्येकीवर नंबर आणि शुद्धतेचा शिक्का असतो. नंबर यादीशी जुळवणं सोपं. पण टंगस्टनची घनता जवळपास सोन्याइतकीच असते, त्यामुळे आत टंगस्टन भरलेली वीट निव्वळ वजनावरून पकडणं अवघड. त्यासाठी अल्ट्रासाउंड लावावा लागतो किंवा भोक पाडून नमुना काढावा लागतो.

एवढा काथ्याकूट कशासाठी? १९९१ आठवा. परकीय चलन संपत आलं होतं. त्या जुलैमध्ये ४६.९१ टन सोनं तारण ठेवून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. तेव्हा ताळेबंदातला आकडा दाखवून भागलं नाही, विटा मुंबईहून विमानाने परदेशी पाठवाव्या लागल्या.

जर्मनीने २०१३ ते २०१७ दरम्यान न्यूयॉर्क आणि पॅरिसमधून ६७४ टन सोनं परत आणलं, विटा तपासल्या आणि त्यांची यादीही जाहीर केली. रिझर्व्ह बँक टन आणि ठिकाण सांगते, विटांची यादी देत नाही. ती द्यायला हरकत नसावी, यादीमुळे जर्मनीची तिजोरी काही फुटली नाही. तोवर मार्च आणि सप्टेंबरअखेरचा परकीय चलन साठ्याचा सहामाही अहवाल बँकेच्या वेबसाइटवर फुकट वाचता येतो.