दातांची खोल सफाई आणि त्यानंतरचा आहार

दात साफ करून घेतले की ते हलू लागतात, त्यांच्यात फटी पडतात, असा समज आपल्या पिंपळगाव बसवंत परिसरात आजही घट्ट आहे. या समजुतीपायी माझी आई दातांच्या दवाखान्याची पायरी कधी चढली नाही. मिशरी मात्र रोज लावत असे. साठीच्या आत तिचे बहुतेक दात गेले. पुढे बाजरीची भाकरी दुधात कुस्करूनच तिला खावी लागली. मी डॉक्टर नाही, बँकेत कारकुनी करणारा माणूस आहे. परंतु हा उपचार मी स्वतः घेतला आहे. त्या वेळी जे समजले ते सभासद बंधू-भगिनी व विद्यार्थी यांच्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम हा उपचार म्हणजे काय ते पाहू. दातांवर साचणारा चिकट थर वेळीच निघाला नाही तर तो कडक होतो. त्यालाच आपण किटण म्हणतो. ते हिरडीच्या खाली उतरले की हिरडी दातापासून सुटते व तेथे खाच तयार होते. निरोगी हिरडीत ही खाच १ ते ३ मि.मी. असते, ४ मि.मी. किंवा अधिक खोल झाली आणि रक्त येऊ लागले की दाताला धरून ठेवणारे हाड झिजण्याचा धोका असतो. खोल सफाईत हिरडी बधिर करून मुळांवरचे किटण काढतात व मुळे गुळगुळीत करतात. हे काम बहुधा दोन किंवा अधिक बैठकांत होते.

मग फटी का दिसतात? दातांमधली जागा किटणाने व सुजलेल्या हिरडीने भरलेली असते. किटण निघते, सूज ओसरते आणि आधीच झालेली झीज उघडी पडते. म्हणजे फट सफाईने पडत नाही, ती फक्त दिसू लागते.

आता खाण्यापिण्याविषयी. बधिरपणा साधारण दोन-तीन तास, कधी त्याहून जास्त टिकतो. तो पूर्ण उतरेपर्यंत काही खाऊ नये व गरम चहा पिऊ नये. मी घाई केली. भूक लागली म्हणून स्टँडजवळ मिसळ खाल्ली. गालाचा आतला भाग चावला गेला, तरी मला कळले नाही. रात्री बधिरपणा उतरल्यावर मात्र चांगलेच कळले! सफाईपेक्षा ती जखमच आठवडाभर जास्त दुखली.

पहिले दोन-तीन दिवस मऊ व कोमट अन्न घ्यावे. सकाळी रव्याची पातळ खीर किंवा मऊ उपमा, दुपारी मऊ भात व वरण, रात्री मुगाची खिचडी. दही, केळे, उकडलेला बटाटा, अंडे, दुधात कुस्करलेली पोळी हेही चालते. उपाशी राहू नये. जखम भरून येण्यास अन्न लागतेच. ठेचा, मिसळीचा कट, लिंबू, लोणचे यांनी हिरडी झोंबते. चिवडा, पापड, शेंगदाणे यांचे कण हिरडीत रुततात. बेदाणे आपल्या भागाचे वैभव खरे, पण ते दातांना चिकटतात. तेही चार दिवस दूर ठेवावेत.

पहिले एक-दोन दिवस थुंकीत थोडे रक्त दिसणे व काही दिवस गार पाण्याने दातांत कळ येणे स्वाभाविक आहे. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून दोन-तीनदा हलकेच चूळ भरावी. मऊ ब्रशने दात घासणे बंद करू नये. वेदनाशामक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने गिळावी; गोळी किंवा लवंगेचे तेल हिरडीवर लावू नये, त्याने त्वचा भाजते. रक्त थांबत नसेल, सूज वाढली, पू आला किंवा ताप आला तर तत्काळ दवाखाना गाठावा. मधुमेह असणाऱ्यांनी व रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे उपचारापूर्वीच सांगावे, मात्र गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. हिरड्यांचा रोग आणि मधुमेह एकमेकांना वाढवतात.

तंबाखू, मिशरी, बिडी यांविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण घरातली मिशरीची डबी कोण बंद करणार? तंबाखूमुळे हिरडी नीट भरून येत नाही. शिवाय बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येते, त्यामुळे रोग झाकला जातो. उपचारानंतरचे चार दिवस ती सोडता आली, तर पाचव्या दिवशी पुन्हा सुरू कशाला करायची?

चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करून घ्यावी व पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दर तीन-चार महिन्यांनी जावे. खर्चाची अडचण असेल तर दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत सहसा कमी खर्चात उपचार होतात. नाशिकला पंचवटीत असे महाविद्यालय आहे.

विद्यार्थी मित्रांना एकच विनंती. आज घरी गेल्यावर आईला, आजीला विचारा, दात घासताना रक्त येते का? ‘येतं थोडं, त्यात काय’ असे उत्तर आले तर त्यांना दवाखान्यात घेऊन जा. माझ्या आईला हा प्रश्न मी वेळेवर विचारला नाही.